शिकारीसाठी जुनी ठासणीची बंदूक घेताना आणि दुरुस्त करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पेनसिल्व्हेनियात राहतो आणि दर हिवाळ्यात ठासणीच्या बंदुकीने हरणाची शिकार करतो. अमेरिकेतल्या मराठी मंडळींकडून गेली काही वर्षं मला तेच तेच प्रश्न येतात. कुणी गराज सेलमध्ये भिंतीवर टांगलेली बंदूक बघितलेली असते, कुणाला शेजारच्या आजोबांनी दिलेली असते. म्हणून सगळी उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. एकच प्रश्न वाचून निघणार असाल तर प्रश्न ५ वाचा.

१. ठासणीची बंदूक म्हणजे नक्की कोणती? चकमकीची, टोपीची, इनलाइन यांत फरक काय?

नळीच्या तोंडातून आधी दारू, मग गोळी घालून गजाने ठासायची, ती ठासणीची बंदूक, इंग्रजीत मझलोडर. फरक आहे तो बार, म्हणजे आत भरलेली दारू-गोळी, पेटवण्याच्या रीतीत. चकमकीच्या बंदुकीत घोड्याच्या जबड्यात गारेचा तुकडा असतो. तो पोलादी पात्यावर घासला की ठिणग्या पडतात, बाहेरच्या खळग्यातली रंजक (पेटवणीची बारीक दारू) पेटते आणि कानातून, म्हणजे नळीच्या बाजूच्या बारीक भोकातून, आग आत जाते. टोपीच्या बंदुकीत निपलवर, म्हणजे नळीत उघडणाऱ्या छोट्या पोकळ बोंडावर, तांब्याची छोटी टोपी बसवतात, घोडा तिच्यावर आपटतो. कोकणात हिलाच केपाची बंदूक म्हणतात. इनलाइन हा अलीकडचा प्रकार. त्यात पेटवणारी टोपी नळीच्या थेट मागे, सरळ रेषेत असते. टोनी नाइट यांनी १९८५ मध्ये काढलेल्या एमके-८५ पासून हा प्रकार लोकप्रिय झाला.

रंजक, कान, गज, तोडा हे सगळे शब्द आपल्या बखरींतले आणि किल्ल्यांवरच्या तोफांचे आहेत. अमेरिकन दुकानदाराशी बोलताना त्यांचा उपयोग नाही, पण मला बंदूक समजली ती या शब्दांमुळेच.

२. मी एच-वन-बी व्हिसावर आहे. मला घेता येते का?

अमेरिकेच्या १९६८ च्या गन कंट्रोल अ‍ॅक्टनुसार १८९८ किंवा त्याआधी बनलेली बंदूक ‘अँटिक’ ठरते. ज्या ठासणीच्या बंदुका फक्त काळ्या दारूवर किंवा तिच्या पर्यायावर चालतात आणि ज्यांत तयार काडतूस घालता येत नाही, त्याही याच वर्गात येतात. केंद्रीय कायद्याच्या लेखी हे ‘फायरआर्म’ नाही, त्यामुळे दुकानात फॉर्म ४४७३ (बंदूक घेताना भरायचा सरकारी फॉर्म) भरावा लागत नाही. फायरआर्म बाळगण्यावर तात्पुरत्या व्हिसाधारकांना जी बंदी आहे तिलाही शिकारीचा वैध परवाना असणाऱ्यांसाठी अपवाद आहे.

पण इथे दोन खड्डे आहेत. पहिला खड्डा राज्याच्या कायद्याचा. न्यू जर्सीत आपली इतकी माणसं आहेत, म्हणून ठळक सांगतो: तिथे ठासणीच्या बंदुकीलाही फायरआर्म्स ओळखपत्र लागतं. पेनसिल्व्हेनियात सहज विकत घेतलेली वस्तू डेलावेअर नदी ओलांडून एडिसनला नेली की गुन्हा होऊ शकतो. दुसरा खड्डा बंदुकीच्या सांगाड्याचा. थॉम्पसन सेंटरची एन्कोर, एच अँड आरची हंट्समन, रॉसीची नळी बदलणारी बंदूक यांच्या सांगाड्यावर काडतुसाची नळीही बसते, म्हणून त्या केंद्रीय कायद्यातही पूर्ण फायरआर्म धरल्या जातात. नुसतं ‘मझलोडर आहे हो’ या विक्रेत्याच्या शब्दावर जाऊ नका. व्हिसा किंवा ग्रीन कार्डाचा अर्ज चालू असेल तर आधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा, मग खिशात हात घाला.

३. पहिली बंदूक म्हणून कोणती जुनी घ्यावी?

तुमच्या राज्यात कुठल्या हंगामाला कोणती चालते ते आधी बघा. पेनसिल्व्हेनियात नाताळानंतर सुरू होणारा हंगाम फक्त चकमकीच्या बंदुकीचा असतो. तो १९७४ पासून चालत आला आहे, आणि नळी किमान .४४ कॅलिबरची (कॅलिबर म्हणजे नळीचा आतला व्यास, इंचांत) लागते. टोपीची किंवा इनलाइन घेऊन त्या हंगामात जाता येत नाही. गेम कमिशन, म्हणजे राज्याचं शिकारीचं खातं, दरवर्षी नियमपुस्तिका काढतं, ती नवीनच वाचा.

बाजूला कळ (घोडा आणि स्प्रिंगची यंत्रणा) असलेल्या पारंपरिक बंदुकांमध्ये मी नवशिक्याला थॉम्पसन सेंटरची हॉकन सुचवतो. न्यू हॅम्पशरमधल्या रॉचेस्टरच्या या कंपनीने ती १९७० मध्ये आणली. सेंट लुइसच्या हॉकन बंधूंच्या मूळ बंदुकीशी तिचं साम्य नावापुरतंच आहे, पण नळी चांगली आणि ती इतक्या संख्येने विकली गेली की भागही मिळतात. तिचीच साधी बहीण रेनेगेड. पितळेचं काम कमी, किंमतही बहुधा कमी. लायमनची इटलीत बनलेली ग्रेट प्लेन्स मला फार आवडते. तिच्या नळीतले आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या पीळदार खाचा) ६० इंचांत एक फेरा घेतात, त्यामुळे कापडात गुंडाळलेली गोल गोळी तिच्यातून सुरेख जाते. हॉकनचा फेरा ४८ इंचांत एक, म्हणजे गोल आणि लांबट दोन्ही गोळ्यांना जेमतेम सोसणारा.

हरणासाठी .५० कॅलिबर पुरेसं आहे. .४५ कायद्यात बसलं तरी गोल गोळी हलकी पडते.

४. बघायला गेलो की काय तपासायचं? मला बंदुकीतलं काही कळत नाही.

नळी तपासा. दस्ता तडकलेला असला, कळ गंजलेली असली, नेम धरायची माशी हरवलेली असली, तरी हे सगळं दुरुस्त होतं किंवा नवीन मिळतं. नळी आतून खाल्लेली असेल तर तुम्ही फक्त लाकूड आणि पितळ विकत घेताय.

अर्थात त्याआधी प्रश्न ५ मधली तपासणी. ती झाली आणि नळी रिकामी निघाली की बारीक एलईडी दिवा दोऱ्याने नळीत सोडा आणि तोंडातून बघा. तांबूस छटा म्हणजे वरवरचा गंज, तो निघतो. काळे खड्डे, विशेषतः तळाच्या शेवटच्या चार इंचांत, म्हणजे मागच्या मालकाने बार उडवून बंदूक न धुता ठेवली. मग घट्ट बसणारा तेलाचा चिंधा गजाने हळूहळू खाली न्या. हाताला सगळीकडे सारखा विरोध लागला पाहिजे. मध्येच एका जागी गज सैल पडला आणि पुढे पुन्हा घट्ट झाला तर नळी तिथे आतून फुगली आहे. गोळी दारूवर पूर्ण न टेकवता कुणीतरी बार उडवल्याची ही खूण. अशी बंदूक फुकट मिळाली तरी घेऊ नका. बाहेरून बोट फिरवूनही कधी कधी हा फुगा जाणवतो.

मग कळ. घोडा अर्ध्या चापावर (अर्धा मागे ओढून पहिल्या खाचेत अडकवलेला) ठेवून चाप बऱ्यापैकी जोराने ओढा, अंगठा घोड्यावरच राहू द्या. घोडा पडला तर खाच झिजली आहे. पूर्ण चापावर ठेवून घोडा अंगठ्याने पुढे ढकला, तेव्हाही तो पडता कामा नये. शेवटी निपलभोवतीचं पोलाद किंवा चकमकीचा कान बघा. वायूने खाऊन कडा झिजल्या असतील तर त्या भागाचा खर्च किमतीतून वजा मागा.

५. पन्नास वर्षं भिंतीवर टांगलेली बंदूक आहे. भरलेली कशी असेल?

असते. कृपा करून हे उत्तर सावकाश वाचा.

एका म्हाताऱ्या बाईंच्या घरच्या सामानविक्रीत मी टोपीची एक बंदूक घेतली होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि नातवंडं त्या बंदुकीशी खेळलेली होती. घरी आल्यावर स्वयंपाकघराच्या टेबलावर गज नळीत सोडला. तळाशी टेकल्याचा आवाज ठणठणीत यायला हवा होता, तो ‘ढप्’ असा आला. नळीच्या तोंडाशी गजावर अंगठ्याच्या नखाने खूण धरली, गज बाहेर काढून नळीशेजारी बाहेरून लावला. गजाचं टोक निपलच्या पावणेदोन इंच अलीकडेच थांबलं. तेवढी जागा दारू आणि गोळीने व्यापलेली होती. टोपीच तेवढी नव्हती. गोळी बाहेर काढली तेव्हा शिशावर पांढरी पूड चढलेली होती, कापड कुजून बोटात चुरगळत होतं. दारू मात्र कोरडी, काळीभोर. चिमूटभर अंगणात दगडावर ठेवून लांब काडीने पेटवली तर भस्सकन पेटली. काळी दारू कोरडी राहिली की वर्षानुवर्षं जिवंत राहते.

म्हणून विकत घेण्याच्या जागीच, नळीचं तोंड सुरक्षित दिशेला ठेवून, ही गजाची खूण घ्या. विक्रेता नाही म्हणाला तर परत या. एक अपवाद लक्षात ठेवा: हॉकनसारख्या काही बंदुकांत तळाशी दारूची कोठी नळीपेक्षा अरुंद असते, त्यामुळे रिकाम्या नळीतही गज निपलच्या थोडा अलीकडेच अडतो. अर्ध्या इंचाचा फरक त्यामुळे असू शकतो. इंचाहून जास्त फरक असेल तर बंदूक भरलेली आहे असं धरूनच चाला.

६. भरलेली निघाली. आता बार कसा काढू?

टोपी लावून उडवून टाकू नका. किती दारू आहे, कुठली आहे, वर एक गोळी आहे की दोन, यातलं तुम्हाला काहीच माहीत नाही. निपलवर बसवून दाबाने गोळी बाहेर ढकलणारं कार्बन डायऑक्साइडचं छोटं उपकरण मिळतं. नळीचं तोंड मऊ मातीच्या ढिगाकडे धरून ते वापरायचं. दुसरा मार्ग म्हणजे निपलमधून किंवा कानातून पाणी आणि भेदक तेल (पेनिट्रेटिंग ऑइल) सोडून दारू भिजवायची, एक दिवस तशीच ठेवायची आणि मग गजाला गोळी ओढायचा स्क्रू लावून गोळी काढायची. कोरड्या दारूवर स्क्रू फिरवू नका, आणि कुठल्याही वेळी नळीच्या तोंडासमोर चेहरा किंवा तळवा आणू नका. हात धजत नसेल तर बंदूकदुरुस्ती करणाऱ्याकडे न्या, तो थोड्या पैशांत काढून देतो. नेण्याआधी फोन करून भरलेली आहे हे सांगा.

७. घोडा मागे ओढला तरी तिथे राहतच नाही. कळ बिघडली का?

कदाचित नाही. दोन चाप आहेत का बघा. मागचा चाप ओढून ‘सेट’ केला की पुढचा अगदी हलका होतो, अशी ती जोडी असते. काही बंदुकांत मागचा चाप सेट केल्याशिवाय घोडा पूर्ण चापावर टिकतच नाही. ती रचनाच तशी आहे. विक्रेत्यालाही हे ठाऊक नसतं आणि ‘बिघडलेली’ म्हणून तो स्वस्तात देतो. माझ्या एका मित्राने अशीच एक उत्तम बंदूक मिळवली. हॉकनचा पुढचा चाप सेट न करताही चालतो, म्हणून तिच्यात असं होत असेल तर मात्र खरोखर बिघाड आहे.

८. किंमत किती द्यावी?

माझ्या आसपास चांगल्या नळीची, कारखान्यात बनलेली पारंपरिक टोपीची बंदूक साधारण २०० ते ५०० डॉलरमध्ये फिरते. चकमकीची त्याहून महाग आणि दुर्मीळ. गंजलेल्या नळीला मी ७५ च्या वर एक डॉलर देत नाही. जुळणीचा संच आणून कुणीतरी घरी जोडलेली असेल तर जोडणाऱ्याचा हात बघा. लाकूड आणि धातू यांच्या मधल्या फटी त्याच्या कामाबद्दल सगळं सांगतात.

९. एखादी बंदूक अजिबात घेऊ नये असं काही आहे का?

सीव्हीए कंपनीने १९९५ आणि १९९६ मध्ये बनवलेल्या इनलाइन बंदुका १९९७ मध्ये परत मागवल्या होत्या. अनुक्रमांकाच्या शेवटी ९५ किंवा ९६ असेल तर ती वापरू नका. या बंदुका अजूनही जुन्या बाजारात दिसतात. फुगलेल्या नळीचं प्रश्न ४ मध्ये सांगितलंच. शोभेसाठी बनवलेल्या, नळीला परीक्षणाचा (दाब झेपतो हे तपासल्याचा) ठसा नसलेल्या बंदुकाही टाळा. इटलीतल्या ब्रेशियाजवळच्या गार्दोने गावात बनलेल्या बंदुकांवर परीक्षणाचे ठसे आणि वर्षाचं सांकेतिक अक्षर असतं, ते भिंगातून दिसतं.

१०. नळीतला गंज घरी काढता येतो का?

वरवरचा असेल तर नक्की. बंदूक सुटी करा: दस्त्यातली आडवी पाचर सरकवली की हॉकनसारख्या बंदुकीची नळी तोंडाकडून वर उचलून निघते. साफ करायच्या दांड्याला पितळी ब्रश लावा, त्याभोवती सर्वांत बारीक, चार शून्यांची लोखंडी लोकर गुंडाळा, भेदक तेलात भिजवा आणि नळीत पुढेमागे करा. पहिले चिंधे विटेच्या रंगाचे निघतील, मग चहाच्या, मग राखाडी. राखाडीवर आला की थांबा. यात घाई नको, मला एका नळीला तीन संध्याकाळी लागल्या.

गंज जाड असेल तर इव्हॅपो-रस्टसारखं गंज विरघळवणारं द्रावण वापरा. निपलच्या जागी बूच बसवा, नळी उभी बांधा, द्रावण काठोकाठ भरा आणि रात्रभर ठेवा. पण ते बाहेर सांडू देऊ नका. बंदुकीचा निळा किंवा तपकिरी रंग हा स्वतःच एक नियंत्रित गंज आहे, आणि द्रावणाला चांगला गंज आणि वाईट गंज यांतला फरक कळत नाही. बाहेरून ओघळ आला की रंगावर पांढरा पट्टा उठतो.

खड्डे मात्र भरून येत नाहीत. थोडे खड्डे असले तरी बंदूक नीट मारू शकते. त्यांच्या कडा घासून बोथट केल्या की कापड फाटत नाही. दहा गोळ्या मारा आणि बाहेर पडलेली कापडं जमिनीवरून उचलून बघा. ती फाटलेली किंवा जळून भोक पडलेली असतील तर नळी अजून खरवडते आहे.

११. निपल हलतच नाही. काय करू?

जोर करू नका, आटे गेले तर काम दसपट वाढतं. भेदक तेल टाका, दोन-तीन दिवस रोज थेंब सोडत राहा, मग निपलच्या मापाचीच किल्ली लावा. साधा पाना चपटा भाग गोल करतो. तरीही हललं नाही तर नळी रिकामी आहे हे पुन्हा तपासून थोडी उष्णता द्या. नवं निपल घेताना आटे जुळवा: थॉम्पसन सेंटरचे इंचाच्या मापात, पाव इंच आणि इंचाला २८ आटे, तर युरोपात बनलेल्या बंदुकांचे बहुधा मिलिमीटरमध्ये. दोन्ही पहिल्या फेऱ्यापर्यंत एकमेकांत शिरतात आणि तिथेच घोटाळा होतो. डिक्सी गन वर्क्स आणि ट्रॅक ऑफ द वुल्फ यांच्याकडे दोन्ही प्रकार मिळतात.

१२. नळीचं मागचं टोक बंद करणारा तळाचा बूच उघडून साफ करू का?

इनलाइन असेल तर हो, दर वेळी, आणि बसवताना आट्यांना अँटी-सीझ (आटे अडकू न देणारं वंगण) लावा. पारंपरिक बंदुकीचा बूच उघडू नका. तो एकदाच, कायमचा बसवलेला असतो. उघडून पुन्हा बसवला की घोडा आणि निपल यांची रेषा चुकू शकते.

१३. कळ पूर्ण सुटी करावी का?

कळ बंदुकीतून काढा, गरम पाण्याने आणि दात घासायच्या जुन्या ब्रशने धुवा, सुकवा, थेंबभर तेल द्या. बहुतेक वेळा एवढं पुरतं. स्प्रिंग काढायची तर स्प्रिंगचा खास चिमटा लागतो, पक्कडीने काढलेली स्प्रिंग मोडते किंवा डोळ्यात जाते. दोन चापांच्या कळीत आत ‘फ्लाय’ नावाचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा असतो. घोडा पडताना अर्ध्या चापाच्या खाचेत अडकू नये हे त्याचं काम. तो हरवला तर खाच तुटते. म्हणून खाली पांढरं कापड अंथरा आणि प्रत्येक पायरीचा फोटो काढा.

१४. दस्त्याचं लाकूड कसं नवं करू?

आधी सँडपेपर हातात घेऊ नका. चेप पडला असेल तर ओला सुती रुमाल ठेवून वरून गरम इस्त्री क्षणभर टेकवा. वाफेने लाकडाचे दबलेले तंतू फुगून वर येतात. हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी चकित झालो होतो. मग जुनं पॉलिश काढा आणि जवसाच्या तेलाचे पातळ हात द्या, प्रत्येक हात तळव्याने चोळून, मध्ये एक दिवस सोडून. सहा-सात हातांनंतर अक्रोडाचं लाकूड आतून उजळल्यासारखं दिसतं. बाजारातलं उकळलेलं जवसाचं तेल घ्या, खाण्याचं नको, ते फार सावकाश वाळतं.

तेलाचे चिंधे चुरगळून कचऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. चिंधे अंगणात पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

१५. माझ्याकडे खरोखर एकोणिसाव्या शतकातली बंदूक आली आहे. तीही अशीच चकाचक करू?

नाही. तिला हात लावू नका. नळीवर बनवणाऱ्याचं नाव असेल, लँकेस्टरच्या बाजूची लांब पेनसिल्व्हेनिया रायफल असेल, तर तिच्यावरचा काळपट थर हाच तिचा इतिहास आहे आणि निम्मी किंमतही त्यातच आहे. लोखंडी लोकरीने पाच मिनिटांत दोनशे वर्षं पुसली जातात. प्रश्न ५ मधली तपासणी करा, वरून मेणाचा हलका हात द्या आणि जाणकाराला दाखवा. शिकारीला ती नेऊ नका. तिची नळी लोखंडाची पट्टी तापवून, गुंडाळून, घणाने सांधलेली असू शकते आणि तो सांधा आज किती धरेल हे डोळ्यांना दिसत नाही. इंडियाना राज्यातल्या फ्रेंडशिप गावी नॅशनल मझल लोडिंग रायफल असोसिएशनचे मेळावे भरतात. १९३३ पासूनची ही संस्था आहे. तिथली वयस्कर मंडळी तासन् तास समजावून सांगतात.

१६. दारू कोणती वापरायची? घरात काडतुसांची बारूद आहे, ती चालेल?

कधीही नाही. काडतुसांतल्या धूरविरहित दारूचा दाब या नळ्यांना झेपत नाही, नळी फुटते आणि हात जातो. सॅव्हेजची १०एमएल-टू यासारखा मुद्दाम त्यासाठी बांधलेला अपवाद सोडला तर नियम एकच: काळी दारू किंवा तिचा पर्याय. काळ्या दारूत ७५ टक्के सोरा, १५ टक्के कोळसा, १० टक्के गंधक. दाण्याचा आकार एफने सांगतात, जितके एफ जास्त तितका दाणा बारीक: .५० च्या बंदुकीला टू-एफ, बारीक नळीला थ्री-एफ, आणि चकमकीच्या खळग्यात रंजक म्हणून फोर-एफ.

पायरोडेक्स, ट्रिपल सेव्हन हे पर्याय टोपीच्या आणि इनलाइन बंदुकांत चालतात. त्यांना पेटायला जास्त उष्णता लागते, म्हणून चकमकीत खरी काळी दारूच हवी. चकमकीची बंदूक ‘पेटतच नाही’ म्हणून जे कळवतात त्यांतल्या अनेकांनी आत पायरोडेक्स भरलेलं असतं.

किती भरायची ते तुमच्या बंदुकीच्या निर्मात्याच्या पुस्तिकेत बघा आणि त्यातल्या सर्वांत कमी मापापासून सुरू करा. मोजायची ती आकारमानाने, मापट्याने. डब्यातून थेट नळीत ओतू नका, आत एखादी ठिणगी राहिली असेल तर अख्खा डबा हातात फुटेल.

१७. चकमकीची ठिणगी नीट पडत नाही. गार बदलू का?

आधी अंधाऱ्या खोलीत, नळी आणि खळगा रिकामे असताना, घोडा पाडून बघा. ठिणग्या पांढऱ्या आणि जाड असाव्यात, खळग्यात पडून तडतडाव्यात. लाल, बारीक ठिणग्या म्हणजे पात्याचा वरचा कठीण थर झिजला आहे किंवा गार बोथट आहे. स्वस्त बंदुकांबरोबर मशीनवर कापलेला अकीक येतो. आपल्या दख्खनच्या खडकांत अकीक रगड सापडतो, लहानपणी गारगोट्या घासून आम्ही अंधारात ठिणग्या पाडल्या आहेत, पण बंदुकीत मला इंग्लंडची काळी, हाताने फोडलेली चकमकच भरवशाची वाटली. ती चामड्याच्या तुकड्यात गुंडाळून जबड्यात घट्ट बसवा.

ठिणगी चांगली असूनही आतला बार उशिरा पेटत असेल तर कानातून तार फिरवा. रंजक कानात ठासून भरू नका. ती कानाला लागून राहिली की झटकन आग देते, कानात गच्च भरली की वातीसारखी जळत बसते.

१८. धुवायची कशी? कुठलं सॉल्व्हंट घेऊ?

पाणी. काळ्या दारूची राख क्षारांची असते आणि क्षार पाण्यातच विरघळतात. बादलीत कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण घ्या, नळीचं तळाकडचं टोक बुडवा, गजाला ओला चिंधा लावून पंपासारखं वरखाली करा. उकळतं पाणी घेतलं तर नळी सुकता सुकताच गंजाची तांबूस झाक चढते, म्हणून कोमटच बरं. मग कोरडे चिंधे, मग तेलाचा हात. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक कोरडा चिंधा फिरवा. तो तांबूस आला तर धुणं अपुरं राहिलं. पायरोडेक्स वापरलं असेल तर दुप्पट काळजी, ते फार गंजवतं.

गोळीच्या कापडाला मी मधमाशीचं मेण आणि बकऱ्याची चरबी एकत्र वितळवून लावतो. खनिज तेल काळ्या दारूबरोबर डांबरासारखं चिकटतं. म्हणून साठवणीसाठी लावलेलं तेल बार भरण्याआधी पुसून काढा.

१९. किती लांबून मारावं?

मी स्वतः ७५ यार्डांपलीकडे मारत नाही. .४९० इंच व्यासाची गोल गोळी १७७ ग्रेन वजनाची असते, ती वेग लवकर गमावते. तुमचं अंतर कागदावर ठरवा: बसून, टेका न घेता, थंडीचे हातमोजे घालून पाच गोळ्या थाळीएवढ्या वर्तुळात जिथपर्यंत पडतात, ते तुमचं अंतर. दुसरा बार भरायला अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ लागतो, तोवर जखमी हरीण झाडीत गेलेलं असतं. त्या जनावराचं आपण देणं लागतो. एकाच गोळीत, यातना न होता काम व्हावं यासाठी वरचे सगळे प्रश्न आहेत.

२०. चाप ओढला, टोपी वाजली, बार उडालाच नाही. आता?

नळी तशीच लक्ष्याच्या दिशेने किमान एक मिनिट धरून ठेवा. आत निखारा धुमसत असू शकतो. मग निपलमधून तार फिरवा, नवी टोपी लावा. दुसऱ्यांदाही नाही उडाला तर निपल काढून मागून चिमूटभर दारू सोडा आणि पुन्हा टोपी लावा. गोळीखाली दारू घालायचीच विसरला असाल, आणि ते सगळ्यांचंच कधी ना कधी होतं, तरी याच युक्तीने गोळी बाहेर येते. फक्त गोळी जागची हलली असेल तर आधी गजाने पुन्हा तळाशी टेकवा.

२१. गावी कोकणात नेता येईल का? आमच्या बागेत डुकरं फार.

नाही. भारतात ठासणीची बंदूकही १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली येते. अमेरिकेत ‘अँटिक’ म्हणून मिळालेली सूट विमानतळावर उतरल्यावर उरत नाही. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत शेतीसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकांचे परवाने आहेत, पण तो परवाना तिथल्या शेतकऱ्याला, तिथल्या बंदुकीसाठी मिळतो. आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून भारतात हौसेची शिकार बंद आहे. डुकरांचा त्रास खरा आहे, त्यासाठी वनखात्याकडेच जा.

२२. दिवसभर जंगलात फिरलो, बार उडवलाच नाही. रात्री बंदूक भरलेलीच घरात ठेवू?

घरात आणू नका. थंड नळी उबदार खोलीत आली की तिला घाम सुटतो, आतली दारू दमट होते आणि सकाळी फुसका बार निघतो. पेनसिल्व्हेनियात टोपी काढली, किंवा चकमकीच्या खळग्यातली रंजक झाडली, की गाडीत नेण्यापुरती बंदूक रिकामी धरतात. दुसऱ्या राज्यांत नियम वेगळे आहेत, ते बघा. कायदा रिकामी म्हणाला तरी बार आत आहेच. घरात मुलं असतील किंवा दुसऱ्या दिवशी जायचं पक्कं नसेल, तर मी संध्याकाळीच परवानगीच्या जागी, मऊ मातीच्या बांधात बार उडवतो आणि घरी येऊन बंदूक धुतो. हंगामाच्या शेवटच्या दिवशी तर हे करतोच. धुवून झाल्यावर गज नळीत सोडतो, तळाचा ठण् आवाज ऐकतो आणि मगच बंदूक कपाटात जाते.